गोधडी कापू नका, घडी घाला



गेल्या महिन्यात आमच्या घरी एक छोटासा वाद झाला. नातीने मोबाइलवर गाणी ऐकण्याची नवी सोय सुरू केली होती. "आजोबा, यात आवाज जरासुद्धा कापलेला नसतो. सीडीवर असतो तसाच येतो," असे ती मोठ्या कौतुकाने सांगत होती. रविवारचा दिवस. संध्याकाळपर्यंत तिचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला आणि रात्री अभ्यासाचा व्हिडिओ उघडेना. सूनबाई रागावली, नात रुसली. मी मध्ये पडलो आणि हे प्रकरण काय आहे ते नातीकडूनच समजून घेतले. ही केवळ श्रीमंतांची हौस नाही. आपल्या पेटीत पडून असलेल्या कॅसेटींशी तिचा संबंध आहे. म्हणून आज हा विषय.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेऊन ते आकड्यांत साठवलेले असते. त्याला जागा फार लागते. एका मिनिटाला सुमारे १० एमबी, तासाला सुमारे ६३५ एमबी. एवढे इंटरनेटवरून पाठवणे पूर्वी परवडत नव्हते. म्हणून एमपीथ्रीसारख्या पद्धती आल्या. कानाला सहसा जाणवत नाही तो भाग त्या काढून टाकतात. मग तासाभराचे गाणे ६० एमबीच्या आतसुद्धा बसते. पण काढलेला भाग पुन्हा कधी मिळत नाही.

दुसरी पद्धत आहे ती 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गमावणारी. २००१ साली निघालेली 'फ्लॅक' ही त्यातली प्रसिद्ध आणि फुकट मिळणारी. आपल्या आयाबायांना समजेल असे सांगायचे तर, गोधडी घडी घालून पेटीत ठेवली तर जागा कमी लागते आणि उलगडली की ती जशीच्या तशी मिळते. तीच गोधडी कापून अर्धी ठेवली तर जागा वाचते, पण पुन्हा पांघरता येत नाही. फ्लॅक म्हणजे घडी, एमपीथ्री म्हणजे कापणे. घडी घातल्यावर गाणे साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत मावते, म्हणजे तासाला ३०० ते ४०० एमबी. नातीचा डेटा कुठे गेला, ते आता ध्यानात आले असेल.

अ‍ॅपल म्युझिकने ही सोय २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये सुरू केली. मग आपण ती घ्यावी का? माझे स्पष्ट मत असे की रोजच्या ऐकण्यासाठी गरज नाही. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर फरक कळत नाही. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनकडे आवाज जाताना तो वाटेत पुन्हा कापलाच जातो. चांगल्या दर्जाची एमपीथ्री आणि पूर्ण फाइल यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. कष्टाच्या पैशाचा डेटा त्यात घालवू नये.

परंतु ऐकणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे. हा धडा मी नुकसान सोसून शिकलो.

१९८४ च्या भीमजयंतीला आमच्या चाळीत वडिलांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम झाला होता. शेजाऱ्यांनी तो टेपरेकॉर्डरवर भरून घेतला. पुढे ती कॅसेट मी एका दुकानात नेली. दुकानदाराने अगदी लहान एमपीथ्री करून दिली. आम्ही खूश झालो आणि अडगळ नको म्हणून कॅसेट भंगारात दिली. आता ऐकताना ढोलकी पत्र्यावर वाजल्यासारखी वाटते. कोरसमध्ये माझी आई होती, तिचा आवाज त्या गर्दीतून वेगळा काढता येत नाही. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग? कॅसेट तर मीच टाकली.

आपला इतिहास पुष्कळसा गळ्यातून आला आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे महाकवी सर्वांना माहीत आहेत. पण वस्त्यावस्त्यांतून रात्रभर जागून गाणाऱ्या किती जणांचे नाव कुठे छापून आले? त्यांचा आवाज कुणाच्या तरी घरातल्या एका कॅसेटवरच असेल. १९५५ साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आज आपण ऐकू शकतो, ती कुणीतरी ती टेप सांभाळली म्हणूनच.

तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना हे काम सांगा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या 'लाइन इन'ला जोडावी. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात आवाज भरून फ्लॅकमध्ये साठवावा. साठ मिनिटांच्या वीस कॅसेटी घडी न घालताही १३ जीबीत मावतात, म्हणजे ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह पुरतो. दोन प्रती करून दोन घरांत ठेवाव्यात. कोण गायले, कुठे, कोणत्या साली, ते लिहून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. स्पीकरसमोर मोबाइल धरून पुन्हा भरू नये. कॅसेटवरून कॅसेट भरताना खरखर कशी वाढत जायची, ते आपल्याला आठवते ना?

जगाला ऐकवायचे असेल तर 'इंटरनेट अर्काइव्ह' फ्लॅक फाइल फुकट ठेवून घेते. मात्र गायकाच्या कुटुंबाची संमती घ्यावी आणि कंपन्यांच्या विकतच्या कॅसेटी तिथे टाकू नयेत.

नातीने आता मोबाइलमधली ती सोय बंद केली आहे. तिने मामाकडून जुना टेपरेकॉर्डर आणला असून, शेजारच्या आजींच्या चार कॅसेटी ती भरून देत आहे. पूर्ण फाइल पेटीत, लहान फाइल मोबाइलमध्ये, हा आमच्या घरचा नियम ठरला आहे. कॅसेट मात्र भंगारात द्यायची नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!