अठरा वर्षे पुरी झाली, आता कुठे?

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांना बालगृहांची आठवण होते. युवक केक घेऊन जातात, महिला मंडळ कपडे नेते, एखादे कुटुंब लेकाच्या वाढदिवसाचे जेवण तेथे देते. या दातृत्वाला आम्ही नावे ठेवीत नाही. आमची तक्रार निराळी आहे. त्याच बालगृहातला मुलगा अठरा वर्षांचा होऊन आपल्या आळीत भाड्याची खोली विचारू लागला, की 'गाव कुठले, मागे कोण आहे' अशी चौकशी सुरू होते आणि 'एकट्या मुलाला खोली देत नाही' असे सांगून दार लावले जाते. मुलगी असेल तर नजरा अधिकच बोचऱ्या होतात.

'सरकार देते ना त्यांना,' असे म्हणणाऱ्यांनी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ४६ वे कलम जरूर वाचावे. संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य 'देता येईल' असे ते म्हणते. 'दिलेच पाहिजे' असे म्हणत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांनी सहा ते आठ जणांच्या तात्पुरत्या सामूहिक निवासाची कल्पना मांडली, एकविसाव्या व अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत आधाराची मुभा ठेवली. 'मिशन वात्सल्य'च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तरुणांसाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षणही ठेवले. हे सारे चांगलेच आहे. पण नोकरीच्या अर्जावर पत्ता कोणता लिहावा? चार हजारांत एखादे वेळी नालासोपाऱ्याच्या चाळीतले भाडे निघेल. अनामत रक्कम कोण भरणार, आणि ओळखीची सही कोण करणार? आपल्या मुलाने शहरात खोली घेतली की अनामत बाप भरतो, ओळख मामा देतो आणि शेगडीपासून चादरीपर्यंत सर्व आई बांधून देते. बालगृहातल्या मुलाला नेमके हेच नसते.

'त्यांनी स्वावलंबी झाले पाहिजे,' हा दुसरा युक्तिवाद. आपल्या घरातील अठ्ठावीस वर्षांच्या चिरंजीवांचा डबा कोण भरतो, हे आम्ही विचारीत नाही! लग्न होईपर्यंत, आणि पुष्कळदा नंतरही, आपली मुले आईबापांच्या छपराखाली राहतात, यात कोणाला गैर वाटत नाही. संत योसेफ हा येशूचा पालक-पिता. त्याच्या नावाने आपण नवेने करतो. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने कार्यास आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. तोवर नाझरेथचे घर त्याचेच होते.

'उद्या काही भानगड झाली तर?' ही भीती अगदीच निराधार नाही. भाडे थकेल, शेजाऱ्यांशी खटके उडतील. ते सख्ख्या पुतण्याकडूनही होते. म्हणूनच एकेका घरमालकावर भार न टाकता धर्मग्राम परिषदेने जामीन राहावे, अनामतीसाठी वेगळा निधी ठेवावा, आणि रीतसर नोंदणीकृत करार करून द्यावा. मुले परदेशी गेली म्हणून वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेल्या सदनिका आपल्याच समाजात आहेत. व्रतस्थांच्या जुन्या मठांतही रिकाम्या खोल्या आहेत, हे आमच्याच मंडळींना ऐकवताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्या संस्थांनी मुलाला पाळण्यात घेतले, त्यांनी त्याचा दाखला हाती देऊन वहीतले नाव खोडावे, हे आम्हांस पटत नाही.

गोठ्यांच्या स्पर्धेसाठी आपण परीक्षक नेमतो, बक्षिसे लावतो. यंदा त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा: आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतील बालगृहांतून येत्या जूनपर्यंत किती मुलेमुली बाहेर पडणार आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणाच्या दोन खोल्या मिळू शकतात.