नुसतं यंत्र नको, चालतं यंत्र हवं

बैलानं ढुशी दिली, हात सुजला, म्हणून शेतकरी ग्रामीण रुग्णालय गाठतो. तिथं उत्तर मिळतं, 'एक्स-रे मशीन बंद हाय, शहरात जा.' एसटीचं भाडं, खासगी एक्स-रेचे पैसे आणि बुडालेला दिवस, हा सगळा भुर्दंड त्याच्याच माथी. क्षयाचा संशय असलेला माणूस तर शहराऐवजी घरीच परततो आणि रोग घरात पसरतो.

जुनाट यंत्र बदललंच पाहिजे. पण नवं आलं म्हणजे भागलं, असं नव्हे. तंत्रज्ञाचं पद रिकामं, विजेचा दाब अपुरा, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना नाही, देखभालीचा करार नाही, अशा अवस्थेत नवं यंत्रही धूळ खातं. सरकारी रुग्णालयांतील यंत्रांच्या देखभालीसाठी केंद्र सरकारने २०१५ साली कार्यक्रम आखला. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर यंत्रं ९० टक्के काळ चालू हवीत, असं त्यात ठरलं. आपल्या रुग्णालयात तसं होतं का, हे कोणी विचारलं?

विचारायचं काम गावाचं आहे. यंत्र कोणकोणत्या तारखांना बंद होतं, ते सरपंचांनी लिहून ठेवावं. ग्रामसभेत ठराव करून तो रुग्ण कल्याण समितीला आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवावा. ठरावात यंत्राबरोबर तंत्रज्ञ, वीज आणि देखभाल यांचीही मागणी असावी.

विहिरीवर मोटर बसवताना आपण स्टार्टर, केबल, दाब सगळं बघून घेतो. मग दवाखान्यातल्या यंत्राला तोच हिशेब का नको?