१४ ते १८ : कारेगांवचा प्रश्न

शिरूर तालुक्यांतील कारेगांवास आतां नुसतें खेडें म्हणवत नाहीं. रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतीमागून परमुलखांतले कामगार आले आणि त्यांच्या बिऱ्हाडांनीं चाळी भरल्या. आईबाप पाळीवर गेले म्हणजे पोर कोणाच्या नजरेखालीं असतें, हें विचारणारे मात्र थोडेच. तें पोर नाक्यावरच्या टोळींत सांपडलें कीं आम्ही फौजदाराकडे बोट दाखवून मोकळे होतों.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शाळेंत बसवितो. १८ वर्षांखालील कोणासहि धोक्याच्या कामास लावूं नये, असें बालमजुरीच्या कायद्याची २०१६ ची दुरुस्ती सांगते. दोन्ही कायदे चांगले. पण त्यांच्यामध्यें चार वर्षांची मोकळी जागा राहिली आहे, आणि आठवी झालेला मुलगा नेमका तेथेंच पडतो. फुकट शिक्षणाचा हक्क संपला, कारखान्याचें दार उघडलें नाहीं. उघडी राहिली ती टपरी आणि ‘भाऊ’ म्हणविणाऱ्यांची बैठक. पुढें १६ वर्षांवरील मुलावर अघोर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्यास प्रौढ समजून खटला चालवावा काय, याची चौकशी २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें होते. चवदाव्या वर्षीं ज्याची चौकशी कोणीं केली नाहीं, त्याची सोळाव्या वर्षीं सरकार करतें! मुंबईस १८५७ सालीं निघालेल्या ससून सुधारशाळेनें गुन्हेगार पोरांस धंदे शिकविले. धंदा शिकण्यास आधीं गुन्हा कां करावा लागावा?

शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. पण सभा भरदुपारीं भरविली, तर पाळीवर जाणारी परप्रांतीय आई तींत बसणार कशी? सभा सुटीच्या दिवशीं भरवा. प्रत्येक ठाण्यांत बालकल्याण पोलीस अधिकारी असावा असा कायदा आहे. त्यासहि बोलवा, आणि शाळेंत न दिसणाऱ्या मुलांचीं नांवें गुन्हा घडण्यापूर्वीं त्याच्या कानीं घाला. ठराविक नफ्यावरील कंपन्यांस २०१३ च्या कायद्यान्वयें दोन टक्के लोककार्यास खर्चावयाचे असतात. ते स्वागतकमानींत न घालतां नववी-दहावीच्या सायंकाळच्या अभ्यासवर्गांस द्यावे. आमच्या व्यापारी बंधूंस एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे : शाळेच्या वेळेंत गल्ल्यापाशीं उभें असलेलें पोर आपणांस स्वस्त पडतें, म्हणूनच तें तेथें आहे.

लोकांच्यानें हें होईल काय, असें कोणी पुसेल. याच तालुक्यांतील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनीं जिल्हा परिषदेच्या शाळेस स्वतःची जमीन दिली. कारेगांवीं जमिनीचा भाव काय आहे हें आम्ही जाणतों; म्हणून जमीन मागत नाहीं. चाळींच्या मालकांकडे सायंकाळीं ६ ते ९ फक्त एकेक खोली मागतों.