समोरून काय येतंय?

मोटारीची जात आवाजावरून ओळखणे ही काही पोट भरण्याची विद्या नव्हे. तरीही वयाच्या दहाव्या वर्षी ती मला चांगली अवगत होती, आणि लोणावळ्याच्या बाजारपेठेत पोरांमध्ये माझा जो थोडाफार दबदबा होता तो केवळ ह्या विद्येमुळे. गणितात मी पस्तीसच्या पुढे कधी गेलो नाही, हेही लगोलग सांगून टाकतो. म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

काळ १९६० नंतरचा. द्रुतगती मार्ग कोणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हा मुंबई-पुण्याची सारी वाहतूक आमच्या गावाच्या पोटातून जाई. शाळा सुटली की आम्ही चार-पाच पोरे कडेच्या फरशीवर रस्त्याकडे पाठ करून बसत असू. गाडी जवळ येण्याआधी तिचे नाव सांगायचे, पैज गोट्यांची. लेलँडचा कॉमेट ओळखणे सर्वांत सोपे. घाट चढून आलेला तो डिझेलचा रेडा फर्लांगभरावरूनच खाकरायला लागे. टाटांच्या मर्सिडीजचा स्वर निराळा, जरा शिस्तीतला. डॉज, फार्गो आणि डिसोटो ह्या तिघी बहिणींनी मात्र आमचा छळ मांडला होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून त्या बाहेर पडत. नावे तीन, गाडी एकच! त्यांच्यावर लावलेली पैज हमखास मारामारीत संपायची.

आमच्यापेक्षा मोठी मुले, म्हणजे ज्यांनी एस.टी.ची पहिली वर्षे पाहिली होती, ती आमच्याकडे दयेने बघत. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड. लाकडी सांगाडा, काथ्याच्या बैठका, तीस उतारूंची जागा, आणि रंग आजचा तांबडा नव्हे, तर निळा आणि चंदेरी. त्या आरंभीच्या काळात एस.टी.जवळ दहा जातींच्या गाड्या होत्या. बेडफर्ड, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि सेडन ह्या विलायती. बाकीच्यांत फोर्ड, शेव्हरोले, स्टुडबेकर आणि फियाट. मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरीआरोहिणी’ अशा दोन ऐषारामी गाड्या बांधून त्या पुणे-महाबळेश्वर मार्गावर सोडल्या होत्या. त्यांना पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि घड्याळ होते. एस.टी.त घड्याळ! ही गोष्ट ऐकून आम्ही दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो.

पण आमच्याजवळही एक हुकमाचे पान होते. आमच्या घरी बेडफर्ड होती.

इंग्लंडात लूटन नावाच्या गावी व्हॉक्सहॉल कंपनीच्या कारखान्यातून १९३१ पासून ह्या गाड्या निघू लागल्या. बेडफर्ड हे तिथल्या जिल्ह्याच्या नावावरून घेतलेले नाव. म्हणजे आपल्याकडे एखाद्या गाडीला ‘मावळ’ म्हणावे, तशातला प्रकार. जिकडे बघावे तिकडे आमचीच गाडी दिसेल, अशा अर्थाची जाहिरात ती कंपनी करीत असे, आणि आमच्या रस्त्यापुरती तरी ती अगदीच खोटी नव्हती. आमची गाडी दीड टनी, सहा सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. अण्णांनी ती १९५७ साली पुण्याला तिसऱ्या मालकाकडून घेतली, त्यात आईच्या चार बांगड्या गेल्या. यंत्र आणि तोंड विलायती. मागची पेटी मात्र पुण्याच्या सुताराने सागवानी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली. त्यामुळे ती पुढून साहेब आणि मागून किराणा दुकान दिसे.

आणि होतेही तसेच. भवानी पेठेतून शेंगदाणा आणि गूळ आणायचा, तो लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांना पोचवायचा, आणि शनिवारी घाट उतरून खोपोलीच्या दुकानदारांना माल टाकायचा, हा अण्णांचा धंदा. गाडीला गुळाचा असा काही वास लागला होता की, मुंग्या आमच्या कायमच्या बिनतिकिटाच्या उतारू झाल्या होत्या. वर्गातली पोरे माझ्या सदऱ्याचा वास घेऊन विचारीत, “आज पुण्याची खेप होती का रे?” सकाळी हँडल मारून ती सुरू करावी लागे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट मोडते, हे ज्ञान मला मुंजीच्या आधी मिळाले.

क्लीनर ठेवण्याची ऐपत नव्हती. तेव्हा शनिवारच्या खेपेला क्लीनर मीच. सकाळची शाळा आटोपली की आई माझ्या हातात डबा देऊन अण्णांना म्हणायची, “ह्याला घेऊन जा हं. विसरू नका.” मला त्या वाक्याचा भारी अभिमान वाटे. माझ्यावाचून गाडी हलत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला होता.

परत येताना घाटात दिवेलागण होई. शिंग्रोबाच्या देवळापाशी अण्णा गाडी हळू करीत आणि मी खिडकीतून पैसा टाकी. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर. त्याला पैसा दिल्यावाचून कोणी ड्रायव्हर पुढे जात नसे. तिथून आमचा खेळ सुरू व्हायचा.

“बापू, समोरून काय येतंय?”

“फार्गो!”

“कुठाय?”

“वरच्या वळणाच्या अलीकडे. त्याच्या मागे एक लहान गाडी. कठडा आपल्या डाव्या हाताला, दोन हातांवर.”

“शाबास!”

ह्या खेळाचे नियम अण्णांचे. नुसते नाव सांगितले तर निम्मे गुण. किती लांब, कुठल्या बाजूला, कडेचा पांढरा दगड कुठे, वळण डावे की उजवे, हे सगळे सांगितले तर पुरे. फरशीवरच्या पोरांच्या खेळापेक्षा हा खेळ फारच वरच्या इयत्तेचा आहे, असे मला वाटे. अण्णा स्वतः कधी आधी ओळखत नसत. मुद्दाम हरतात, असे मी समजे. वडिलांनी मुलाशी हरायचे असते, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

१९६६ च्या जुलैतली गोष्ट. खोपोलीत एका दुकानात मी चावीवर चालणारी लाल पत्र्याची मोटार पाहिली. तीन रुपये. अण्णांनी एकदा मोटारीकडे पाहिले, एकदा खिशाकडे, आणि “पुढच्या खेपेला” म्हणाले. पुढच्या खेपेचा अर्थ मला त्या वयातही कळत होता. मी तोंड फुगवून गाडीत बसलो.

त्या दिवशी चाक पंक्चर झाल्यामुळे निघायलाच अंधार पडला. लोणावळ्याचा आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पाऊस वरून पडत नाही, चारी बाजूंनी येतो. आणि त्यात धुके. शिंग्रोबाचे देऊळ आले. मी पैसा टाकला. देवाशी माझे भांडण नव्हते.

“बापू, समोरून काय येतंय?”

मी गप्प.

“बापू, झोपलास का रे?”

मी जागा होतो. समोरून दोन दिवे येत होते, तेही मला दिसत होते. पण लाल मोटार डोळ्यांपुढून हलत नव्हती. अण्णांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, ब्रेक लावला, इंजिन बंद केले. दुसऱ्याच क्षणी एक ट्रक आमच्या अंगावर पाणी उडवीत इतक्या जवळून गेला की, आमची सागवानी पेटी थरथरली.

“काय झालं?” मी घाबरून विचारले.

“इंजिन तापलंय,” अण्णा म्हणाले. “थांबू थोडं.”

ते थोडे म्हणजे सबंध रात्र. मी खाली उतरून चाकांना दगड लावले. अण्णांनी आपला कोट माझ्या अंगावर घातला. पहाटे जाग आली तेव्हा ते तसेच चक्र धरून बसले होते. इंजिन तापले असते तर मी उतरताना बॉनेटला हात लागला तेव्हा ते मला पोळायला हवे होते. ते कोमट होते. पण हा हिशेब मी पंधरा वर्षांनी केला.

उजाडल्यावर आम्ही अमृतांजन पुलाखालून वर आलो. दारात आई उभी होती. तिने अण्णांना काही विचारले नाही. माझ्याकडे मात्र असे पाहिले की, मी मुकाट्याने न्हाणीघरात गेलो.

अण्णा १९८१ साली गेले. तेराव्यानंतर मी आईला सहज म्हटले, “त्या खेळात अण्णा मला नेहमी जिंकू देत.” ती म्हणाली, “कसला खेळ? त्यांना दिवेलागणीनंतर दिसतच नव्हतं.” लग्नानंतर चार-पाच वर्षांतच तो दोष सुरू झाला होता. दिवसा नजर स्वच्छ. रात्री नुसते डाग. चष्म्याने जाण्यासारखा तो नव्हता. आमच्या घरी दिवसाआड शेवग्याच्या पाल्याची भाजी का होत असे, आणि खोपोलीची खेप नेमकी माझ्या अर्ध्या शाळेच्या दिवशीच का असे, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला त्या दुपारी एकदम मिळाले. ड्रायव्हर ठेवला असता तर त्याच्या पगारात धंदा बुडाला असता, आणि धंदा बुडाला असता तर माझी शाळा. आईला हे सारे ठाऊक होते. तिसऱ्या कोणाला नव्हते. आईने अण्णांना, आणि मला, त्या घाटात दर शनिवारी कोणत्या मनाने धाडले असेल, ते मी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते, असेही अजून वाटत नाही.

बाकी बेडफर्डची कहाणी फार नाही. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने त्या काही वर्षे बांधल्या. पुढे टाटा आणि लेलँड यांच्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही, आणि लहान मालाला आकुर्डीची मॅटाडोर आली. विलायतेत १९८६ साली ह्या नावाचे ट्रक निघायचे थांबले. पाकिस्तानात मात्र नवरीसारखे नटवलेले बेडफर्ड ट्रक त्यानंतरही वर्षानुवर्षे धावत राहिले, त्यांची चित्रे मी कात्रणे काढून ठेवली आहेत. ज्या अमृतांजन पुलाखालून आम्ही त्या सकाळी आलो, तो १८३० चा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. तेव्हा मी वर्तमानपत्रातला फोटो बराच वेळ पाहत बसलो होतो.

त्या जुलैच्या रात्रीनंतर आठच दिवसांनी आमची गाडी विकली गेली. कामशेतचा एक दूधवाला दुपारी बारा वाजता ती पाहायला आला; वेळ अण्णांनीच दिली होती. त्याने टायर लाथाडून पाहिले, पेटीत डोके घालून गुळाचा वास घेतला आणि विचारले, “शेट, एवढी चांगली गाडी विकता का?”

“पार्ट मिळत नाहीत,” अण्णा म्हणाले.

त्याने हँडल मारले. पहिल्याच झटक्याला सुरू झाली, बेइमान! मी रडकुंडीला येऊन दाराशी उभा होतो. पैसे मोजून झाले. दूधवाला चढून बसला आणि माझ्याकडे बोट दाखवून थट्टेने म्हणाला, “हा क्लीनरपण गाडीबरोबरच ना?”

अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो जरा घट्ट झाला.

“नाही,” ते म्हणाले. “तेवढा मला लागतो.”