लंडनचा बेत आणि एक जुनी वही



आमची थोरली कन्या वर्षभराच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लंडनला गेली, त्याला आता काही महिने झाले. दिवाळीनंतर तिचा फोन आला, ‘‘अभ्यासक्रम संपण्यापूर्वी तुम्ही सर्वांनी एकदा यायलाच हवे. आजोबांना तर आणाच आणा.’’ माहूरच्या आमच्या घरातून आजवर कोणी देशाची वेस ओलांडलेली नाही. शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ ही आमची लांबची गावे आणि कुंथलगिरी हे जवळचे. त्यामुळे त्या एका फोनने घरात जी धांदल उडाली, तिचा वृत्तांत या महिन्याच्या सदरात देत आहे. आपल्यापैकी अनेक घरांतील मुले आज परदेशी आहेत. त्यांच्या आईवडिलांना यातील काही उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला प्रश्न ‘कधी जायचे’ हा होता. व्यापाऱ्याच्या घरी वर्षाचे बारा महिने मोकळे नसतात. आमचे दुकान साड्यांचे आणि खण-नारळाचे. अश्विनातील नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, मार्गशीर्षातील दत्तजयंती, श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा, त्यानंतर लग्नसराई. या दिवसांत दुकानाला कुलूप लागणे शक्य नाही. दशलक्षण पर्व घराबाहेर घालवण्याची आमची रीत नाही आणि चातुर्मासात लांबचा प्रवास शक्यतो टाळतो. असे एकेक दिवस खोडत गेल्यावर दोनच जागा उरल्या. एक डिसेंबरअखेरची, दुसरी मे संपताना येणारी.

आमच्या यजमानांचा कल डिसेंबरकडे होता. तेव्हा मुलीला सुट्टी आणि शहरात नाताळची रोषणाई. पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच गोष्ट विचारली, ‘‘तिथे सूर्य कधी मावळतो?’’

हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. आपल्या माहुरात डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास आणि जूनमध्ये सात वाजायच्या आत होतो, म्हणजे फरक तासाभराचा. आपण एकोणीस-वीस अक्षांशांवर राहतो, तर लंडन साडेएक्कावन्नावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यात सूर्य दुपारी चारच्या आत-बाहेर मावळतो आणि उगवतो आठनंतर. दिवस जेमतेम आठ तासांचा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या माणसाने सकाळी नऊनंतर न्याहारी करावी आणि तीनला जेवून हात धुवावेत, मध्ये शहर पाहायला वेळ कोणता? याउलट जूनमध्ये सूर्यास्त नऊनंतर. ज्यांच्या घरी रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्यांच्यासाठी युरोपचा ऋतू निवडताना थंडी-पावसाच्या आधी सूर्यास्ताचे कोष्टक पाहणे हाच शहाणपणा आहे. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत हे कोष्टक छापलेले नसते.

मे संपताना निघायचे ठरले. तेव्हा आपल्याकडे अंगाची लाही होत असते आणि तिथे दुपारीही अठरा-वीस अंश तापमान असते. पाऊस कधीही येतो, म्हणून छत्री आणि लोकरीचा एक कपडा हातातल्या पिशवीतच ठेवायचा. गांधीजी १८८८ साली प्रथमच विलायतेच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत होते. उतरताना हेच शोभेल असा त्यांचा समज. आजूबाजूला तसे कपडे घातलेला दुसरा कोणी नव्हता. बाकीचे सामान एजंटाच्या ताब्यात दिलेले आणि दुसरा दिवस रविवारचा, त्यामुळे लगेच कपडे बदलण्याचीही सोय नव्हती. हा प्रसंग त्यांनीच आत्मकथेत मोकळेपणाने लिहिला आहे. आमच्या घरी त्याचा परिणाम असा झाला की यजमानांनी मोठ्या पेटीतला स्वेटर काढून मुकाट्याने खांद्यावरच्या पिशवीत घातला.

त्यानंतर कागदपत्रे. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि युरोपातील शेंगेन देशांचा वेगळा. लंडनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो. बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी मात्र मोठ्या शहरातील केंद्रात स्वतः जावे लागते. आपल्यासारख्या दुकानदारांनी एक काळजी विशेष घ्यावी. आपला पैसा मालात आणि उधारीत फिरत असतो, बँकेत शिल्लक कमी दिसते. मग अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून, व्याह्यांकडून रक्कम आणून खात्यात भरायची, असे पुष्कळजण करतात. तपासणाऱ्याला नेमकी हीच रक्कम खटकते. आमच्या नात्यातील एका गृहस्थांचा अर्ज अशाच कारणाने परत आला. प्राप्तिकराची विवरणपत्रे, जीएसटीची नोंदणी आणि सहा महिन्यांचा नियमित व्यवहार दाखवणारे खाते यांचे वजन एकाएकी आलेल्या पाच लाखांहून अधिक असते. आपण परत येणार आहोत, हे त्या कागदांनी सांगायचे असते आणि चालते दुकान ते चांगले सांगते.

माहूरहून निघायचे तर किनवटला नंदीग्राम एक्सप्रेस धरून मुंबई, किंवा रस्त्याने हैदराबाद. दोन्हीकडून लंडनची थेट विमाने आहेत. विमान शक्यतो सकाळी निघणारे घ्यावे. पश्चिमेकडे जाताना सूर्य आपल्या सोबतीने चालतो. सकाळी सातला मुंबई सोडली तर नऊ-दहा तासांनी उतरताना तिथे दुपार असते आणि सारा प्रवास उजेडात होतो. परतीचे विमान बहुधा रात्रीचे असते. तेव्हा जेवण नको असे आधीच सांगून झोपावे. जाताना जैन भोजनाची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. विमान कंपन्यांत त्याची ‘व्हीजेएमएल’ ही खूण सर्वत्र चालते. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून ती नोंद पुन्हा एकदा पक्की करावी.

खाण्याची खरी परीक्षा तेथील दुकानांत होते. डब्यावर ‘व्हीगन’ लिहिलेले पाहून आपण निर्धास्त होतो. पण त्यात कांदा, लसूण, बटाटा खुशाल असतो. ब्रिटनच्या कायद्याने चौदा ॲलर्जीकारक पदार्थ ठळक अक्षरांत छापावे लागतात, त्यांत दूध आणि अंडे येतात. कांदा-लसूण त्या यादीत नाहीत, म्हणून बारीक अक्षरांतली संपूर्ण यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. लाल रंगाच्या मिठाईवर ‘ई १२०’ दिसले तर तो रंग किड्यांपासून काढलेला असतो. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. आपल्याकडून नेतानाही बंधन आहे. दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी लागते. मी मेतकूट, कोरडी चटणी, तेलावर भाजलेले खाकरे, मूगडाळ, पोहे आणि पाणी गाळण्याचे वस्त्र बांधायला काढले आहे. तेथील विजेच्या बटणांना तीन चौकोनी दात लागतात, त्यासाठी जोडणी येथूनच घेतली. उतरण्यासाठी हॉटेलऐवजी वेम्बली भागात स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने पाहिली. त्या परिसरात भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत, आणि जवळच्या केंटन भागात जैन मंदिरही आहे. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बारजवळ ओसवाल समाजाने बांधलेले शिखरबंद मंदिर आहे. हालारातून पूर्व आफ्रिकेत आणि तेथून इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांची ती पुण्याई. मराठी बोलण्याची तहान लागलीच तर डॉलिस हिल भागात १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. रोख रकमेवर विसंबू नये. लंडनच्या सार्वजनिक बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड टेकवावे लागते.

पाहण्याच्या स्थळांची यादी मुलीने पाठवली, तीत राजवाडा आणि थेम्सकाठचे मोठे चक्र आधी होते. मामंजींनी ती उलटी केली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ग्यारसपूरची प्राचीन पार्श्वनाथ-प्रतिमा आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये ओडिशातील ऋषभनाथ आणि महावीर एकाच शिळेवर उभे आहेत, आणि ब्रिटिश लायब्ररीतील जैन हस्तलिखितांची सूचीच २००६ साली तीन खंडांत निघाली, हे सर्व त्यांना ठाऊक होते. दोन्ही संग्रहालयांच्या कायम दालनांना प्रवेशमूल्य नाही. मात्र एखादी वस्तू त्या दिवसांत मांडलेली आहे की नाही, हे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. संग्रहालयांतील वस्तूही प्रवासाला जातात. छत्रपती शिवाजी महाराजांशी जिचे नाव जोडले जाते ती वाघनखे याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून २०२४ साली तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यास आली. (उसनवारीवर, हे आम्हा व्यापाऱ्यांच्या मनाला जरा टोचतेच.) किंग हेन्री रोडवरील दहा क्रमांकाचे घरही यादीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत तेथे राहिले होते आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले.

अशी सगळी सिद्धता होत आली आणि पारपत्राच्या अर्जासाठी मी मामंजींकडे छायाचित्र मागितले. ते उठले आणि कपाटातून लाल कापडात गुंडाळलेली एक जुनी वही घेऊन आले. पस्तीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर त्यांनी दिग्व्रत घेतले होते, त्याची नोंद तीत होती. पूर्वेस शिखरजी, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस गिरनार, उत्तरेस हस्तिनापूर. या चौकटीबाहेर यावज्जीव जाणे नाही.

आम्ही स्तब्ध झालो. यजमान म्हणाले, ‘‘बाबा, हे आधी का नाही सांगितलेत?’’

‘‘मला विचारले कोणी?’’ मामंजी शांतपणे म्हणाले. ‘‘नातीने आणा म्हटले, तुम्ही आणतो म्हटले. मी सूर्यास्त विचारला तो तुमच्यासाठी.’’

खरेच होते ते. दोन महिने आम्ही त्यांच्या पथ्याचे, औषधांचे, विम्याचे बोलत होतो. त्यांना यायचे आहे का, हे एकदाही विचारले नव्हते. वडीलधाऱ्यांचा मान ठेवतो असे आपण म्हणतो आणि त्यांचे तिकीट परस्पर काढून मोकळे होतो.

यजमानांनी तरीही एक तोड सुचवली. श्रवणबेळगोळला जाऊन झालेच आहे, दक्षिणेची मर्यादा आखडून तेवढी पश्चिमेला वाढवता येणार नाही का? मामंजी हसले. ‘‘एका खात्यातले काढून दुसऱ्यात भरायचे? यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात. दिग्व्रताच्या पाच अतिचारांत ती मोजलेली आहे. शास्त्रकारांना व्यापारी चांगले ठाऊक होते.’’

त्यांच्या सांगण्यात परदेशगमनाची निंदा कोठेही नव्हती, हे मुद्दाम लिहिते. उलट समुद्र ओलांडणाऱ्यांच्या गोष्टी तेच आम्हाला सांगत बसले. आत्मारामजी महाराजांना शिकागोच्या १८९३ च्या धर्मपरिषदेचे निमंत्रण आले. साधूला वाहनाने प्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली आणि तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मोहनदास गांधी निघाले तेव्हा त्यांच्या मातोश्रींची चिंता बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दूर केली. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनीच दिली. तिच्यापायी त्या तरुणाने लंडनमध्ये कित्येक दिवस अर्धपोटी काढले, तेव्हा कुठे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. ‘‘त्यांची प्रतिज्ञा त्यांनी तिकडे जाऊन पाळली,’’ मामंजी म्हणाले, ‘‘माझी इथे राहून पाळायची आहे. तुम्ही जा. दुकानावर मी बसतो.’’

मुलीला हे कळवणे माझ्या वाट्याला आले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मग परीक्षा झाल्यावर मीच आधी माहूरला येते. आजोबांना तसे सांग.’’ मी सांगितले. ‘‘ये म्हणावे,’’ एवढेच ते म्हणाले, पण त्या दिवशी संध्याकाळचे सामायिक आटोपल्यावर ते बराच वेळ ओसरीवर बसून होते.

तिकिटे आता तीन निघाली आहेत, आम्हा दोघांची आणि धाकट्या चिरंजीवांची. मामंजींनी जमाखर्चाच्या कोऱ्या पानावर उभे रकाने आखून आमच्या मुक्कामातील प्रत्येक दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त नातवाकडून मोबाइलवर पाहवून उतरवला आहे. सूर्य नऊपर्यंत आहे म्हणून चौथे जेवण करायचे नाही, अशी ताकीद वर लाल शाईने दिली आहे. १ जूनच्या ओळीत लिहिले आहे : सूर्योदय ४.४९, सूर्यास्त ९.०८, दोन घटिका आधी म्हणजे ८.२०. त्यापुढच्या रकान्यात त्याच दिवसाचा माहूरचा सूर्यास्तही त्यांनी नोंदवून ठेवला आहे.