छतावरची वीज : मर्यादा हवी, पण इन्साफाची

घराच्या छतावर तयार होणारी सौरवीज तारांत किती सोडू द्यावी, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक बाजू म्हणते, मर्यादा हवीच. दुसरी म्हणते, मुळीच नको. आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या मते मर्यादा हवी, पण तिचे माप सर्वांना सारखे आणि उघड हवे.

मर्यादेचे कारण खरे आहे. मालेगावचेच पाहा. शुक्रवारी माग बंद असतात, ऊन मात्र सुटी घेत नाही. अशा दुपारी छतांवरची वीज गल्लीत खपत नाही, ती डीपीकडे उलटी जाते. व्होल्टेज हद्दीबाहेर वाढले की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. नुकसान घरमालकाचेच होते.

म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने २०१९ च्या विनियमांत एका डीपीवरील सौरसंचांना तिच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१५ मध्ये ती ४० टक्के होती. आता हिशोब करा. १०० केव्हीएच्या डीपीवर सुमारे ७० किलोवॅट बसतात, म्हणजे तीन किलोवॅटची २३ घरे. पण ३० किलोवॅटची दोन गोदामे आधी आली, तर उरतात फक्त तीन घरे. ‘जो आधी येईल त्याचे’ हा नियम भांडवलवाल्याच्या सोयीचा आहे.

केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक तपासणीची अट राहिली नाही आणि ५ किलोवॅटपर्यंत तारा-डीपी मजबूत करण्याचा खर्च वीज कंपनीवर टाकला. हा हक्क किती बांधवांना ठाऊक आहे?

दक्षिण ऑस्ट्रेलियात नव्या ग्राहकाला कायम १.५ किलोवॅटची मर्यादा घेता येते, किंवा तारांवरील भार पाहून कमी-जास्त होणारी, १० किलोवॅटपर्यंतची. अडचण शुक्रवारच्या दुपारची असेल, तर बंधनही तेवढ्याच वेळेचे असावे. सातही दिवस गरिबाचा हात का बांधावा?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक डीपीवर किती जागा भरली, किती उरली, याचा फलक मराठी व उर्दूत लावावा. लहान घरांचा हिस्सा राखून ठेवावा. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे. बांधवांनीही तोंडी नकार घेऊन परत फिरू नये. अर्जाची पोच मागावी. माप-तोल पुरे द्यावे, ही शिकवण केवळ दुकानाच्या तराजूपुरती नाही. ती विजेच्या मीटरलाही लागू आहे.