गुणपत्रिकेत न मावणारे गुण



निकालांचा हंगाम सरला की आपल्या मंडळांमध्ये गुणगौरव समारंभांची लगबग सुरू होते. अर्ज मागवले जातात, टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने यादी लागते, शाली आणि श्रीफळे येतात. दहावी-बारावीचे विद्यार्थी, सनदी लेखापाल आणि डॉक्टर यांचे काय करायचे, हे कार्यकर्त्यांना पाठ असते. परंतु त्याच गठ्ठ्यात अलीकडे क्वचित एखादा अर्ज ‘एअरोस्पेस इंजिनिअरिंग’ किंवा ‘अवकाश विज्ञान’ असे लिहिलेला सापडतो, आणि मंडळी थोडी थबकतात. हा मुलगा किंवा ही मुलगी पुढे नेमके काय करणार? टक्केवारी बेताचीच दिसते. मग क्रमांक कोणता द्यायचा?

प्रश्न साधा नाही. या विद्याशाखेतील गुणवत्ता पुष्कळदा गुणपत्रिकेबाहेरच असते. आपल्या पुण्यातलेच उदाहरण घेऊ. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून अवकाशात गेला. जेमतेम एक किलो वजनाचा, वीतभरही नसलेला हा ठोकळा. त्याची दिशा स्थिर ठेवण्यासाठी त्यात वीज खाणारी यंत्रणा ठेवलेली नव्हती; आत बसवलेले चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेत आणि उपग्रह आपोआप सावरे. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे, हे त्याचे काम. कल्पनेपासून उड्डाणापर्यंत सुमारे आठ वर्षे गेली आणि पदवीचा अभ्यासक्रम मात्र चार वर्षांचा! म्हणजे ज्यांनी पहिले आराखडे काढले ते उड्डाणाच्या दिवशी केव्हाच नोकरीला लागलेले होते, आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला ते आरंभी शाळेत होते. मुंबईच्या आयआयटीतील ‘प्रथम’ या सुमारे दहा किलोच्या उपग्रहाचीही हीच कथा. २००७ साली आरंभ, २६ सप्टेंबर २०१६ रोजी उड्डाण. आता सांगा, यांतल्या कोणत्या विद्यार्थ्याला पहिला क्रमांक द्यायचा? परीक्षेच्या आदल्या रात्रीही प्रयोगशाळेत बसून आपली वही पुढच्या तुकडीच्या हाती नीट सोपवणाऱ्याला त्या सत्रात गुण कमी पडले असतील, तर आपला अर्ज त्याला व्यासपीठाची पायरीही चढू देत नाही.

‘हे क्षेत्र आपले नव्हे’ असे काही घरांतून ऐकू येते. मला त्याचे नवल वाटते. भारताच्या विमाननिर्मितीची आणि अवकाशविद्येची, अशा दोन्ही पेढ्यांची पहिली पाने जैन घरांतल्या माणसांनी लिहिली आहेत.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी हे कापूस आणि सावकारीच्या घरात जन्मले. त्यांनी घरचा व्यवसाय सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली, पुढे जहाजे चालवली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. महायुद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने ती हाती घेतली. आजची हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ही तिचीच वारसदार. त्यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची भक्कम आवरणे तयार होत आली आहेत. ज्या गावाची ओळख आपल्याला उसामुळे, त्या गावाचा अवकाशाशी असा संबंध आहे.

दुसरे नाव डॉ. विक्रम साराभाई यांचे. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे मालक अंबालाल शेठ यांचे हे पुत्र. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतले तेव्हा वय अठ्ठावीस. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी एका विज्ञान महाविद्यालयाच्या काही खोल्यांत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. पैसा कोठून आला? अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी आणि साराभाई कुटुंबाचे कर्मक्षेत्र एज्युकेशनल फाउंडेशन या दोन थैल्यांतून. विश्वकिरणांच्या मोजमापातून कोणता नफा मिळणार, हे त्या दात्यांपैकी कोणीही सांगू शकला नसता. पुढे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला, हे सर्वश्रुत आहे. मला मात्र त्या अग्निबाणापेक्षा त्याआधीच्या सोळा वर्षांचा खर्च अधिक बोलका वाटतो.

म्हणूनच सत्कार म्हणजे काय, याचा फेरविचार आपण करायला हवा. झोंटा ही व्यावसायिक स्त्रियांची संघटना १९१९ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे स्थापन झाली. प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्ट तिच्या सभासद होत्या. १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या प्रयत्नात पॅसिफिक महासागरावर त्या बेपत्ता झाल्या. पुढच्याच वर्षी संघटनेने त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. एअरोस्पेसमध्ये डॉक्टरेट करणाऱ्या स्त्रियांना ती आजही मिळते. रक्कम दहा हजार डॉलर. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा सन्मान पदवी मिळाल्यानंतरचा नाही. संशोधन अर्धे झाले आहे, हाती काही दिसत नाही, बरोबरीच्या मैत्रिणी पगार घेऊ लागल्या आहेत, अशा वेळी तो येतो. निवडीतही संशोधनाचा आराखडा आणि मार्गदर्शकांची पत्रे वाचली जातात. तो पुतळा नव्हे, बैलाला वेळेवर मिळालेली वैरण आहे.

आपल्याकडे हे अगदीच नवे नाही. १९१५ पासून मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने किती तरी मुलांना निवारा दिला, विनाव्याज कर्जरूपाने शिष्यवृत्त्या दिल्या. घेतलेले पैसे फेडायचे आणि त्यातून पुढचा विद्यार्थी शिकायचा, ही रीत व्यापाऱ्याच्या मनाला सहज पटणारी आहे. त्याच रीतीने एक लहानसा निधी केवळ या विद्याशाखेसाठी बाजूला काढता येईल. एखाद्या विद्यार्थी-उपग्रहाच्या गटाला परिषदेला जाण्याचे भाडे, संगणक, महिनाभराच्या प्रशिक्षणाचा वसतिखर्च अशा गोष्टींना लागणारी रक्कम आपल्या एका समारंभाच्या मंडप-भोजनापेक्षा फार मोठी नसते.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती कर्ज काढण्याआधी कळावी. एअरोस्पेसमध्ये एम.एस. करण्यासाठी मुलाला अमेरिकेला धाडण्याचा बेत अनेक घरांत होतो. तेथील निर्यातनियंत्रणाच्या कायद्यांमुळे अग्निबाण, उपग्रह आणि लढाऊ विमानांच्या कंपन्यांत बहुतेक कामे तेथील नागरिक वा कायम निवासी यांनाच दिली जातात. शिक्षण मिळते, परंतु नोकरीचे दार अर्धेच उघडते. संगणकशास्त्राच्या मुलाचा हिशेब या मुलाला लावू नये. इकडे तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था २००७ पासून इस्रोसाठी माणसे घडवते आहे, आणि २०२० नंतर खासगी उद्योगांनाही अवकाशाचे दार खुले झाले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूटने सोडलेल्या अग्निबाणाचे नाव ‘विक्रम-एस’ होते, हे योग्यच झाले.

आता अवघड प्रश्न, जो व्यासपीठावर कोणी विचारत नाही पण घरी परतताना मोटारीत हमखास निघतो. ही विद्या शस्त्राचीही विद्या आहे. आपल्या पहिल्या उपग्रहवाहकाचा, एसएलव्ही-३चा, पहिला टप्पा पुढे ‘अग्नी’ क्षेपणास्त्रात वापरला गेला. श्रावकाच्या अनर्थदंड-विरमण व्रतात हिंसादानाचा, म्हणजे हिंसेची साधने पुरवण्याचा, स्पष्ट निषेध आहे. दुसऱ्या बाजूला गृहस्थासाठी संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य असून उद्योगी आणि विरोधी हिंसेचा विचार शास्त्रकारांनी वेगळा केला आहे. देशरक्षणाचे काम कोणत्या खात्यात मांडायचे, याचे उत्तर जाणकार साधुसंतांत आणि पंडितांतही एकसारखे मिळणार नाही, आणि मी ते येथे देणार नाही. साराभाईंनी आपल्यापुरती निवड केली होती: उपग्रह शेतकऱ्याला पाऊस सांगण्यासाठी, खेड्याला दूरचित्रवाणीने शिकवण्यासाठी. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असतानाही अण्वस्त्रांबद्दलची त्यांची नाखुषी लपलेली नव्हती. तेव्हा अर्ज करणाऱ्या मुलाला आपण प्रमाणपत्रासोबत हा प्रश्नही द्यावा, मात्र एकट्याने वाहण्यासाठी नव्हे. संशोधनाचा विषय निवडताना तो घरातल्या वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलू शकला पाहिजे; ‘पगार किती?’ एवढाच प्रश्न त्याच्या वाट्याला आला, तर व्रतांची पुस्तके कपाटातच राहतील.

मंडळांच्या कार्यवाहांना विनंती अशी की, पुढील वर्षाच्या अर्जात टक्केवारीच्या रकान्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: ‘आपण कोणत्या प्रकल्पावर काम केले? त्यात आपला वाटा कोणता?’ सोबत मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र मागवावे, आणि ते वाचण्यासाठी समाजातीलच एखाद्या निवृत्त अभियंत्याला निवड समितीत घ्यावे. असे अभियंते पुणे, नाशिक, सांगली येथे आहेत. सभेला येतात, मागच्या रांगेत बसतात, त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.